भागीचा बिल्ला

१३ एप्रिल, रविवार, दुपारी

सगळ्यात आधी हवाबी आली. शेजारीण ती, दुसरं कोण येणार! गाडीचं दार वाजतंय न वाजतंय तोवर ही पदर सावरत ओटीवर हजर. "आली का गं तुजी नात? आनि ह्यो उंच पोरगा कोन?" मी म्हटलं, दम खा, चहा घे, मग सांगते. खरं म्हणजे पोरगा कोण ते मलाच अजून कळलं नव्हतं.

हे कालचं. काल हनुमान जयंती होती आणि आमची भागी आली. भाग्यश्री, मनोजची मुलगी, माझी एकुलती एक नात. पुण्याच्या पलीकडे माळावर एक मोठी लॅब आहे, तिथे ती शास्त्रज्ञ आहे. जमिनीखाली बोगदा, बोगद्यात लांबलचक नळी, नळीतून डोळ्यांना न दिसणारे कण पळवतात. कशाला पळवतात ते तिने मला तीनदा सांगितलं, तिन्ही वेळा पटलं, आता आठवत नाही. पण कण पळाले की किरण निघतात, आणि ते किरण माणसाला वाईट. ते कोणाला लागू नयेत हे बघणारी आमची भागी. मशीन चालू करायच्या आधी ती अख्खा बोगदा चालत जाते, वळणावळणावर भिंतीतलं बटण दाबते, हाका मारते, कोणी आत राहिलंय का बघते. खात्री झाली की बाहेर येऊन दार लावते. मग भोंगा, मग मशीन.

हवाबी म्हणाली, "म्हंजे कोंबड्या डालल्या का नाय ते बगायचं." मी म्हटलं, तसंच, फक्त उलटं. आत कोणी उरायचं नाही.

उंच पोरगा म्हणजे रोहिदास. तो पण त्याच लॅबमध्ये. नेरळचा, दर पंधरा दिवसांनी आईकडे येतो, त्याच्याच गाडीतून भागी इथे कडावला आली. चांगला आहे. पाणी दिलं तर पेला स्वतः उचलून मोरीत नेऊन ठेवला. मी मनात म्हटलं, ठरलं.

लग्नाचा विषय काढायचा नाही असं मी ठरवलं होतं आणि काढला नाही. फक्त आज सकाळी गाडीत बसताना काढला, ते धरायचं नाही.

ही डायरी भागीने दिली. लॅबची आहे, वर सोनेरी अक्षरं. म्हणाली, "आजी, आमच्याकडे रोज लिहावं लागतं. तारीख, वेळ, आत कोण गेलं, बाहेर कोण आलं. तू पण लिही. बोलतेस तसंच लिही." पण चौथीत मी हाय लिहिलं तेव्हा मास्तरांनी पट्टी मारली होती, तेव्हापासून हात आपोआप आहे लिहितो. चौथीनंतर शाळाच नाही, त्यामुळे चुका फार व्हायच्या राहून गेल्या.

एक रात्र राहिली. पुढच्या रविवारी येते म्हणाली.

१४ एप्रिल, सोमवार

कपडे भिजवताना भागीच्या शर्टाच्या खिशाला एक बिल्ला सापडला. शर्ट कामावरचा, तसाच अंगावर घालून आली होती आणि धुवायला टाकून गेली. बिल्ला काडेपेटीएवढा, मागे चिमटा, वर तिचं नाव. हा मी ओळखते. मागे एकदा तिने सांगितलं होतं, हा छातीवर लावल्याशिवाय बोगद्याकडे कोणाला जाऊ देत नाहीत, हा असला म्हणजे आम्ही सुरक्षित. म्हणजे रक्षणाचा आहे. आमच्याकडे पोरांच्या दंडाला ताईत बांधतात तसाच, सरकारी.

आता हिला याच्याशिवाय आत घेणार नाहीत. म्हणजे न्यायला यावंच लागणार. रविवारपर्यंतसुद्धा थांबायची नाही.

बिल्ला तांदळाच्या डब्यात ठेवला. मुंग्या लागत नाहीत.

१६ एप्रिल

भागीचा फोन. आजी, बिल्ला राहिलाय का घरी? मी म्हटलं, माझ्याजवळ नाही गं. हे खोटं नाही, मी ओटीवर होते, बिल्ला तांदळात होता. म्हटलं, तूच येऊन शोध, तुझ्या हाताला पटकन लागेल. ती म्हणाली बघते.

संध्याला, म्हणजे सुनेला, चकल्यांची भाजणी करायला सांगितली.

२० एप्रिल, रविवार

भागी आली नाही. तिला दुसरा बिल्ला दिला म्हणे. त्यांच्याकडे ढीग आहे.

चकल्या हवाबीने नेल्या.

२७ एप्रिल, रविवार

आली नाही. मशीन चालू आहे.

तिच्या कामाचे तीन नियम आहेत. किरणांजवळ कमीत कमी वेळ थांबायचं, होईल तेवढं लांब राहायचं, आणि मधे जाड भिंत ठेवायची. वेळ, अंतर, भिंत. पोरीच्या अंगवळणी पडलं असेल. आमच्याकडे पण एक रात्र थांबते, राहते लांब, आणि मधे खंडाळ्याचा घाट आहेच. हवाबीला हे सांगितलं तर ती हसली नाही. नेहमी हसते.

आंघोळीनंतर पाठ पुसताना संध्याला माझ्या डाव्या बाजूची गाठ दिसली. केवढ्यांदा ओरडली! मी म्हटलं, अगं ओरडतेस काय, ती मागच्या भातकापणीपासून आहे, तिची सवय झालीय मला. कळशी वाहून वाहून झाली असणार. आता दारात नळ आहे, पण गाठीला कसं कळणार.

ठरवलं: उद्यापासून रोज हळदीचा लेप. रोज मारुतीपर्यंत चालत. चिडायचं नाही.

२८ एप्रिल

लेप केला. ब्लाऊज पिवळा झाला. चिडले.

९ मे, शुक्रवार

मनोज रजा टाकून मला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. साजगावच्या कारखान्यात त्याला अशी रजा मिळत नाही, पण यावेळी लगेच दिली. भला साहेब आहे.

दवाखाना गार होता. सुया टोचल्या, फोटो काढले, पुन्हा यायला सांगितलं.

भागीला फणसाचा निरोप दिला. मागच्या दारचा कापा फणस, तिचा आवडता. म्हटलं, बुधवारी पिकेल. तिने विचारलं, तब्येत बरी आहे ना? मी म्हटलं, फणसाची की माझी? हसली. तिचं हसू फोनमधून आलं की पुढचा सगळा दिवस हलका जातो.

१८ मे, रविवार

फणस बुधवारीच पिकला. आज हवाबीने चिरला. कोयत्याला तेल लावत म्हणाली, "धोंडू, तुज्या नातीचा फनस खाऊन खाऊन मी फुगले. आता तरी तिला खरं सांग." मी म्हटलं, खरं काय आहे सांगण्यासारखं? गाठ आहे, औषध होईल, विरघळेल.

२३ मे, शुक्रवार

चांगली बातमी! डॉक्टर म्हणाले कापायची गरज नाही. मी किती घाबरले होते सुरीला. आता कापून काही उपयोग नाही, असं म्हणाले. म्हणजे त्याशिवायच काम होणार.

मग मनोजला बाहेर बोलावलं आणि मला आत बसवलं. भिंत पातळ होती. डॉक्टर म्हणाले, लाईट देऊ, आराम पडेल, दिवाळीचं दिवाळीला बघू. म्हणजे दिवाळीपर्यंत झंझटच नाही, मोकळं सोडलं. मनोज परत आला तो डोळ्यात केर गेल्यासारखा. वाटेत चौक गावी वडापाव घेतला, त्याने खाल्ला नाही, मी दोन्ही खाल्ले.

घरी आल्यावर मी सगळ्यांना बजावलं: भागीला कळवायचं नाही. मनोज म्हणाला, "आये, असं कसं?" मी म्हटलं, असंच. मला बघायला आलेली नको, फणस खायला आलेली हवी. बघायला येणारं माणूस कोपऱ्यात बसतं आणि पायरीकडे बघतं. माझ्या सासूला बघायला आलेली सगळी तशीच बसायची.

९ जून, सोमवार

आजपासून लाईट. कालपर्यंत हवाबीकडचं बकरी ईदचं जेवण पुरलं, तिनेच डबा भरून दिला होता, अंगात ताकद असू दे म्हणाली.

रोज सकाळी गाडीने जायचं, लाईट घ्यायची, यायचं. आपल्याकडे शेक म्हणतात तोच, पण गरम लागत नाही. पण लाईट म्हणजे किरण, हे मला माहीत आहे, मी भागीची आजी आहे. म्हणून बिल्ला तांदळातून काढला आणि कनवटीला लावला, लुगड्याच्या आत. वरचे कपडे काढायला सांगतात, कनवटीला कोण हात लावतंय! गाठीला काय लागायचं ते लागू दे, बाकीची मी सुरक्षित.

खोलीचं दार केवढं जाड! आत एक मोठं डोकं फिरतं, पांढरं. मला झोपवून सगळे बाहेर जातात. मशीनवरच्या पोरीने विचारलं, आजी, भीती वाटतेय का? मी म्हटलं, आमच्या घरच्या मुलीचं असलं मोठं मशीन आहे, मी काय भिते! तिला वाटलं मी लॉटरीच्या मशीनबद्दल बोलतेय.

भागी सांगते तसं लिहिते. आत: मी. बाहेर: मनोज.

१३ जून

आत: मी. बाहेर: मनोज.

आत एकटी असते तेव्हा कनवटीला बोट लावते. त्यावर तिचं नाव आहे.

१९ जून

तोंडाची चव गेली. वालाचं बिरडं केलं, मीठच कळेना. संध्या म्हणाली छान झालंय. वाटीभरही खाल्लं नाही तिने.

आवणीत, भात लावताना, पाठ भाजते तशी छाती काळी पडलीय. ऊन न लागता. मजाच आहे.

२६ जून

लाईट संपली. सुटले. त्या पोरीने टाळ्या वाजवल्या. गाठ तेवढीच आहे पण आता तिच्यात जोर नसणार.

भागीचा फोन आला होता. जुलैमध्ये मशीन बंद असतं, दुरुस्तीला, तेव्हा येते म्हणाली. मी म्हटलं, ये, मी कुठे जातेय.

२९ जून, रविवार

नेरळहून परत जाताना रोहिदास डोकावला. मी बिल्ला त्याच्या हातात दिला, म्हटलं, तांदळात सापडला बघ. आता ठेवून काय करायचं? ज्या कामासाठी ठेवला ते काम झालं नाही, ज्यासाठी नव्हता ठेवला ते झालं. शिवाय हाताने परत पाठवला की भागीला वाटेल, आजीने जपून ठेवला.

तो फार खूश झाला. तिमाही संपतेय, सगळे बिल्ले मोजायला जातायत, हा पण जाईल म्हणाला. काय मोजणार ते मी विचारलं नाही, कारण मला दुसरं विचारायचं होतं. म्हटलं, तुझ्या घरी लग्नाचं काय चाललंय? त्याने मोबाईल काढून फोटो दाखवला. फ्रॉकमधली मुलगी, समोरचे दोन दात पडलेले. त्याची. बायको शाळेत शिकवते.

गोड आहे मुलगी.

संध्याने विचारलं, चेहरा का उतरला? म्हटलं, ॲसिडिटी.

१२ जुलै, शनिवार

जुलै लागून किती दिवस झाले. आली नाही. दुरुस्ती चालू असताना तिलाच जास्त काम असतं, उघडलेल्या भागात आधी तीच जाऊन बघते, मग बाकीचे. मी हवाबीला म्हटलं, बघ, सगळ्यांच्या आधी हिचा पाय. हवाबी म्हणाली, "हितं पन सगल्यांच्या आदी यायला पायजे व्हता." मी तिला चहा दिला नाही. मग दिला.

कंबर धरलीय. पावसाळी हवा.

२२ जुलै, मंगळवार

भागीचं नाव झालं! रोहिदासचा मनोजला फोन होता. भागीच्या बिल्ल्यात एवढी लाईट भरलेली निघाली की लॅबमध्ये आजपर्यंत कोणाच्याच भरली नव्हती. मोठे मोठे साहेब जमून बघतायत. मी म्हटलं, आमच्या घरची वस्तू.

मनोजने फोन ठेवला आणि मला विचारलं, "आये, तो बिल्ला नक्की कुठे व्हता?" मी म्हटलं, तांदळात. तो म्हणाला, "आनि?" मी म्हटलं, डाळीत नव्हता.

मग कळलं की भागीला आत जायला बंदी केलीय. एवढे किरण तिलाच लागले असं धरून चाललेत. ती म्हणते नाहीत लागले, तर मग बिल्ल्यात कुठून आले ते सांग म्हणतात.

हे काही बरोबर नाही. एवढ्याशा बिल्ल्यावरून?

२३ जुलै

जेवण गेलं नाही. पावसाळी हवा.

२४ जुलै, गुरुवार

सकाळी भागीचा फोन. नमस्कार नाही, काय करतेस नाही. एकच विचारलं. "आजी, बिल्ला कुठल्या दवाखान्यात गेला होता?"

मी म्हटलं, अगं कसला दवाखाना, बिल्ला काय आजारी पडतो का? ती हसली नाही. म्हणाली, आतल्या चकत्यांवरून थोडं कळतं आजी, कुठल्या जातीचे किरण आहेत ते. आणि एप्रिलपासून बंद असलेल्या डब्यात किरण येत नाहीत. मी म्हटलं, मग आमच्या तांदळाचा गुण असेल. तर पलीकडून काही आवाजच नाही. मला वाटलं रेंज गेली. हॅलो हॅलो केलं. मग श्वास ऐकू आला.

म्हणाली, मी येतेय.

येतेय! एप्रिलमध्ये लपवलेल्या बिल्ल्याने शेवटी काम केलंच. उशिरा केलं, पण केलं.

ठरवलं: ओटीला रंग. तिच्या खोलीतल्या पोत्यांची उचलबांगडी. नवी चादर. रडायचं नाही, कोणालाच रडू द्यायचं नाही.

२ ऑगस्ट, शनिवार

रंग झाला नाही, भिंती ओल्या आहेत.

भागी आली, रोहिदास आला, आणि त्यांच्या मोठ्या मॅडम आल्या. तीन पाहुणे एकदम! मी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाचं कालवण करायला लावलं. मॅडमनी किरण मोजायची एक डबी आणली होती, टिकटिक करणारी. तांदळाचा डबा मोजला, माझा पलंग मोजला. मी म्हटलं, देव्हारा पण मोजा. मोजला. म्हटलं, कोंबड्या? रोहिदास कोंबड्यांकडे पण जाऊन आला. कुठे काही नाही. हवाबी पुढे झाली, "माजं गुडगं मोज रं जरा." डबी आपली एकेक टिक करत राहिली. तेवढं सगळीकडेच असतं म्हणाले, दगडातसुद्धा.

मग मॅडमनी मला जवळ बसवलं. आवाज मऊ. म्हणाल्या, "आजी, तुम्ही सांगाल तेच लिहू, पण तुम्हीच सांगा." भागी समोर बसली होती. कोपऱ्यात नाही, समोर. पायरीकडे नाही, माझ्याकडे बघत. तिची नोकरी माझ्या एका शब्दावर आली होती, मग मी सगळं सांगितलं. लाईट, पांढरं डोकं, कनवटी. पंधरा दिवस रोज. मॅडम लिहीत होत्या त्या थांबल्या.

मी भागीला म्हटलं, तू काळजी करू नकोस गं, तुझा बिल्ला होता ना, मला काही झालेलं नाही.

भागीने माझे दोन्ही हात धरले. म्हणाली, "आजी, बिल्ला राखत नाही गं. तो काही अडवत नाही. किती लागलं तेवढं फक्त मोजतो."

आता हे आधी सांगायला नको? एवढं नाव घालून, चिमटा लावून, छातीवर मिरवायचं, आणि राखत नाही!

मॅडम म्हणाल्या, आम्हाला हवं ते उत्तर मिळालं, भाग्यश्रीवर काही येणार नाही. सगळ्यांना बरं वाटलं. मी म्हटलं, मग आता बिल्ला मला द्या. तो देत नाहीत म्हणे, जमा असतो.

मॅडम आणि रोहिदास जेवून गेले. भागी राहिली. रात्र झाली तरी राहिली, नवीन चादरीवर नाही झोपली, माझ्याजवळ झोपली. लहानपणी लाथा मारायची. आता मारत नाही.

५ ऑगस्ट, मंगळवार

कमरेला पुन्हा लाईट द्यायचं ठरलं आहे. हवा काही सुधारत नाही. आज मनोज नाही, भागी सोबत आली. वाटेत मी तिला सगळं दाखवत होते, हे आमचं वडापावचं, इथे मी उतरून पाय मोकळे करते. जणू मीच तिला फिरायला नेलं.

दवाखान्यात तिने त्या पोरीशी इंग्रजीत खूप प्रश्न केले. मशीन बघितलं आणि म्हणाली, "आजी, हे आमच्या मशीनचं धाकटं भावंड आहे. यात पण कणच पळवतात." मी त्या पोरीला म्हटलं, बघ, सांगत होते की नाही? लॉटरी नव्हे.

मला झोपवलं. सगळे बाहेर निघाले. भागी निघेना. माझ्या लुगड्याची घडी सरळ करत बसली. त्या पोरीने हळूच म्हटलं, मॅडम, आत कोणी राहायचं नाही, तुम्हाला माहीत आहे. भागी म्हणाली, माहीत आहे. तरी उभीच. मग मीच म्हटलं, जा गं, दार लावायचंय त्यांना.

गेली. दार लागलं. कनवटीला बोट नेलं, तिथे काही नव्हतं.

बाहेर आले तर ती भिंतीला टेकून बसलेली. तिच्या कामात तिने आजवर बोगद्यात एक माणूस राहू दिलेला नाही, उंदीरसुद्धा नाही, आणि आज मला आत ठेवून स्वतः बाहेर आली, असं काहीतरी म्हणत होती. मी म्हटलं, अगं मी काय चुकून राहिले नाही, मला सांगूनच ठेवलंय. चल, वडापाव खाऊ.

तिने पण खाल्ला नाही. बापावर गेलीय. मी एक खाल्ला. दुसरा जाईना.

आत: मी. बाहेर: भागी.

१० ऑगस्ट, रविवार, संध्याकाळी

सगळ्यात आधी हवाबीच आली. मग रोहिदास नेरळहून, भागीला न्यायला.

सकाळी भागी म्हणाली, मी जात नाही. लांब रजा टाकते, इथेच राहते. चार महिने मी याच वाक्यासाठी किती खटपट केली! चकल्या, फणस, बिल्ला. आणि आता ते आलं तर मला नको झालं. का ते नीट लिहिता येत नाही. मी म्हटलं, गणपतीनंतर तुमचं मशीन चालू होतंय, तू नसलीस तर आत कोण राहिलंय ते कोण बघणार? ती म्हणाली, "आनि हितं कोन बगनार?" रागात ती आमच्यासारखंच बोलते. हवाबी म्हणाली, "मी हाय ना. मला काय धाड भरलीय."

मग मी युक्ती काढली. म्हटलं, आता नको. आता माझ्या तोंडाला चव नाही, हाताला नाही, पाहुणचार नीट होत नाही. तू देवदिवाळीला ये. निवांत, राहायला. भात घरात आलेलं असेल, नव्या तांदळाचे घावणे करीन, नारळाचा रस करीन. डॉक्टर दिवाळीचं दिवाळीला बघणार आहेत, म्हणजे देवदिवाळीपर्यंत मी मोकळी.

मनोज उठला आणि म्हशीकडे बघून येतो म्हणून भर पावसात गेला. म्हशीकडे तो आत्ताच जाऊन आला होता. संध्याने चहात मीठ घातलं, तो सगळ्यांनी मुकाट्याने प्यायला. मला काय, मला कळलंच नाही, हवाबीने नंतर सांगितलं.

भागी बापाच्या पाठीकडे बघत राहिली. तो दिसेनासा झाला तरी तिकडेच. मग माझ्याकडे वळली. तोंडावर हसू होतं, लहानपणी पडली की नाही लागलं म्हणायची तसं.

"येते," म्हणाली. "देवदिवाळीला नक्की येते. घावणे मात्र तूच करायचे आजी, आईने नाही."

रोहिदास म्हणाला, मी पण, बायको-पोरीला घेऊन. मी म्हटलं, पोरीला घावणे चावायला दात येऊ दे तोवर. तो हसला, मग खाली बघून चपलेचा पट्टा बराच वेळ लावत बसला.

निघताना भागी सगळ्या घरातून फिरली. माजघर, पोत्यांची खोली, मोरी, मागचं दार. प्रत्येक भिंतीला हात लावत. मी ओटीवर बसून ऐकत होते. तिच्या बोगद्यात मारते तशी हाक मारली, "कोणी आहे का आत?"

मी म्हटलं, मी हाय गं.

मग बाहेर येऊन माझ्याजवळ बसली, गाडी चालू झाली तरी.

चार वाजता गेले. फाट्यापर्यंत दिवा दिसत होता, भर दिवसा का लावला होता कोण जाणे.

उद्यापासून: रोज दूध. कंबर शेकायची. घावण्याचा बिडाचा तवा माळ्यावरून काढून घासून ठेवायचा, गंजला असेल.

डायरीत देवदिवाळीचं पान काढलं. सगळ्यात आधी हवाबी आली, एवढं लिहूनच ठेवलं, त्यात काही बदल होणार नाही. खाली जागा सोडलीय.

बाहेर: भागी, रोहिदास. आत: मी.

देवदिवाळी २१ नोव्हेंबरला आहे. शुक्रवार.